एकदाच दाबलेलं बटण

तुरीचा हंगाम आला की माझे दोन्ही अंगठे दुखायला लागतात. डॉक्टरांना दाखवून झालं. त्यांनी वय विचारलं, थंडी सोसते का विचारलं आणि संधिवाताच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या आणल्या आणि कपाटात ठेवून दिल्या. हे दुखणं कुठलं ते मला ठाऊक आहे. मार्गशीर्ष सरत येतो, गुलबर्ग्याहून आळंदला जाणाऱ्या रस्त्यावर तुरीच्या पेंढ्या लादलेल्या गाड्या दिसायला लागतात, वाऱ्याबरोबर तो कोरडा, घशात खवखवणारा वास येतो आणि अंगठ्यांच्या पेरात कळ उठते. मी बसच्या खिडकीची काच ओढून घेते. काच ओढली म्हणून वास थांबत नाही, पण तेवढंच काहीतरी केल्यासारखं होतं.

दर वर्षी या दिवसांत मला आळंदला जावंच लागतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, आता माझ्याकडे गुलबर्ग्यालाच असतात, पण तूर त्यांना तिथलीच लागते. "हितली तूर शिजतीय, पर बोलत न्हाई," असं म्हणतात. तूर कशी बोलते ते मला कधी कळलं नाही. मी मुकाट्यानं जाते आणि पिशवी भरून आणते.

मी जन्माची भित्री. हे लपवण्यात अर्थ नाही, घरात सगळ्यांना माहीत होतं. पाल दिसली की मी ओरडायची, भिंतीवरचा मीटर गुरगुरला की खोलीबाहेर व्हायची. सगळ्यांत जास्त भीती आळंदच्या दालमिलची. अप्पा तिथं मशीनवर होते. शाळा सुटली की आई त्यांचा डबा माझ्या हातात द्यायची, आणि मी मिलच्या पत्र्याच्या शेडबाहेर उभी राहून डबा लांबूनच उंच धरायची. आत सगळं हलत असायचं. जमीन हलायची, पत्रे हलायचे, जोत्यावर ठेवलेल्या पितळी तांब्यातलं पाणीसुद्धा थरथरायचं. तुरीच्या भुश्यानं आतल्या माणसांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. त्या पांढऱ्या भुवयांतून अप्पा हसत बाहेर यायचे आणि म्हणायचे, "ये की आत. खातंय व्हय तुला?"

खायचंच ते. शेडच्या मधोमध जमिनीत हौद होता, त्यात तूर ओतत. हौदातून तूर भरडणाऱ्या वरच्या रोळापर्यंत एक लांब लोखंडी पन्हळ आणि पन्हळीत फिरणारा स्क्रू. जाड लोखंडी दांड्याला गुंडाळलेली पाती, फिरत फिरत तूर पुढं ढकलणारी. पोत्याची सुतळी किंवा तुराट्यांचे तुकडे तुरीतून आले की स्क्रूला गुंडाळायचे आणि पन्हळ तुंबायची. मग मशीन बंद करायचं आणि हात घालून ते ओढून काढायचं. हे काम अप्पांचं. वीस वर्षं त्यांनी ते केलं आणि वीस वर्षं त्यांच्या दहाही बोटांना ओरखडासुद्धा आला नाही, कारण त्यांचा एक नेम होता. खांबाला त्यांनी तुराट्यांची जुडी बांधून ठेवलेली असायची. तुराटी म्हणजे तुरीची वाळकी काठी. मशीन बंद केलं की जुडीतली एक तुराटी उपसायची, स्क्रूच्या पात्यात खुपसायची आणि धरून उभं राहायचं. चार श्वास, पाच श्वास. काठी शाबूत राहिली तरच हात.

"थांबलंय दिसलं म्हणजे थांबलंय असं न्हाई," ते म्हणायचे. "आपल्या डोळ्याला काय कळतंय? काडीला इचारावं."

मिलमधली बाकीची माणसं त्यांना हसायची. धोंडिबा मशीनला दात कोरायला काडी देतो म्हणायची. अप्पासुद्धा त्यांच्याबरोबर हसायचे, पण काडी घातल्याशिवाय हात घालायचे नाहीत.

आता गंमत बघा. असली ही भित्री मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला गेली. कारण अप्पांची इच्छा. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देवाची जागा पुस्तकाला मिळाली होती, आणि अप्पांना वाटायचं की आपण मशीनच्या तोंडाशी आयुष्य काढलं, तर पोरीनं मशीनच्या डोक्याशी बसावं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गुलबर्ग्याच्या आमच्या कॉलेजात मायक्रोकंट्रोलरचं किट नव्यानंच आलं होतं, सबंध विभागात एक. ते कपाटात असायचं आणि कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. सर माझ्या प्रोजेक्टचे मार्गदर्शक होते. माणूस वाईट नव्हता, पण प्रश्न विचारलेला त्यांना खपायचा नाही. मला प्रश्न विचारायची भीती आणि त्यांना तो ऐकायचा कंटाळा, म्हणून आमचं छान जमलं.

त्या किटचीही मला भीती वाटायची. चिप एवढीशी, झुरळाएवढी, पण पाय चाळीस. तिच्याशी तिच्याच भाषेत, असेंब्लीत बोलायचं. म्हणजे एकेक पाऊल सांगायचं: हा आकडा उचल, तिथं ठेव, त्यातून एक कमी कर, शून्य झालं का बघ, झालं नसेल तर मागं जा आणि पुन्हा एक कमी कर. वहीत डावीकडे हुकूम लिहायचा, उजवीकडे त्या हुकुमाचा आकडा, आणि ते आकडे किटच्या बटणांनी एकेक करून आत घालायचे. एक आकडा चुकला की चिप गप्प. रागावली, झोपली की मेली, काही कळत नाही. माणूस चुकलं तर निदान ओरडतं तरी.

माझं प्रोजेक्ट म्हणजे एकाच बटणानं मोटार चालू आणि बंद करायची. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. मिलचा जुना स्टार्टर शेडच्या पार दुसऱ्या टोकाला होता, स्क्रू तुंबला की अप्पांना तिथवर पळावं लागायचं. हौदाशेजारीच एक डबी लावली, तिच्यावर एक बटण ठेवलं, तर अप्पांची पळापळ वाचेल असं माझ्या मनात आलं. दोन बटणं ठेवता आली असती, एक चालूचं, एक बंदचं. पण मग त्यात चिपचं काम काय आणि माझी हुशारी ती काय? सरांनाही एकच बटण आवडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त ते कळायला अजून दोन महिने होते.

पहिल्याच दिवशी घाबरले. बटण किती वेळा दाबलं ते दिव्यांच्या आकड्यात दिसावं म्हणून छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. एकदा दाबलं, आकडा आला तीन. पुन्हा दाबलं, सात. मी हात मागं घेतला. वाटलं, माझ्या बोटातच काहीतरी खोट आहे. सर आले, बघितलं आणि हसले. म्हणाले, "बटणाच्या आत पत्र्याच्या दोन पट्ट्या असतात. ताटली फरशीवर पडल्यावर लगेच गप्प बसते का? थडथडते, मग बसते. या पट्ट्याही तशाच थडथडतात. आपल्याला एकदा वाटतं, पण चिप इतकी चपळ की प्रत्येक थडथड वेगळी मोजते."

"मग सर?"

"मग काय, तिला थांबायला सांग. बटण दाबलेलं दिसलं की लगेच विश्वास ठेवायचा नाही. थोडं थांबायचं आणि पुन्हा बघायचं. तेव्हाही दाबलेलंच दिसलं तर खरं."

"किती थांबायचं, सर?"

"पुस्तकात दहा मिलीसेकंद आहे ना? दहा टाक."

दहा का, हे मी विचारलं नाही. दहा मिलीसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. तेवढा वेळ चिपला नुसती बसवायची म्हणजे तिला उलटे आकडे मोजायला लावायचं, एक मोठा आकडा द्यायचा आणि शून्यापर्यंत उतर म्हणायचं. मी ते केलं. बटण दाबलं, एक. दाबलं, दोन. शंभर वेळा दाबलं, आकडा बरोबर शंभर. इतका आनंद झाला की हॉस्टेलच्या जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरले. आयुष्यात पहिल्यांदा एका मशीननं माझं ऐकलं होतं.

येळवसेला घरी आले. आमच्या भागात या अमावस्येला घरात कुणी जेवत नाही, अख्खं गाव शेतात. मिलच्या मालकांच्या शेतात आम्हालाही बोलावणं असायचं. कडब्याची खोप, भज्जीचा तो घट्ट, पालेभाजी आणि शेंगदाण्यांचा वास, मडक्यातली गार आंबील, लांबवर पिवळट करडई. पूजा त्यांची ते करत, भज्जी सगळे खात. मालक स्वतः मला वाढत म्हणाले, "अक्का, तुजं मशीन लावू या की. बापाची दवड तर वाचंल." मी लाजून मान हलवली. अप्पा आंबिलीचं मडकं कलतं करत होते, मडक्याच्या आडून माझ्याकडे बघत होते. त्यांचा तो चेहरा आठवला की आजही मी पुढ्यातलं ताट बाजूला सारते.

दोन दिवसांनी कॉलेजातून मागून आणलेल्या चिपची डबी बसवली. मी, अप्पा आणि एक वायरमन. बटण दाबलं की डबीतली रिले, म्हणजे चिपच्या हुकमानं चालणारा स्विच, टक् करायची आणि पलीकडचा मोठा स्टार्टर धप्प करून मोटार उचलायचा. टक्, धप्प, घर्रर्र. पुन्हा दाबलं की सगळं शांत. अप्पांनी दहा वेळा चालू केलं, दहा वेळा बंद केलं. नंतर ज्याला त्याला बोलावून दाखवू लागले, "ही बगा, माज्या लेकीनं केलीया."

मग हंगामाची पूजा. नवी तूर पहिल्यांदा हौदात ओतायच्या आधी मिलमधल्या प्रत्येक यंत्राला कुंकू लावायची तिथली रीत. मालकांच्या आई, सगळे त्यांना अव्वा म्हणत, तेलात कालवलेल्या कुंकवाची वाटी घेऊन फिरत होत्या. मोटारीला लावलं, रोळाला लावलं, चाळणीला लावलं. माझ्यापाशी आल्या. अंगठा वाटीत बुडवला, माझ्या कपाळाकडे हात आणला आणि मध्येच थांबल्या. त्यांना आठवलं.

"तुमच्यात चालत न्हाई न्हवं गं?" असं म्हणून खजील झाल्या. मग हसल्या, "राहू दे. तुज्या मशीनला लावते. हेच की याचं कपाळ." आणि तो कुंकवानं निथळणारा अंगठा त्यांनी बटणावर टेकवला. नुसता टेकवला नाही, दाबून गोल फिरवला.

"लावा अव्वा," मी म्हटलं. मला भरून आलं होतं. माझ्या वाट्याचं कुंकू माझ्या मशीनला मिळालं, यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? बटणाच्या कडेनं तेल आत उतरत होतं ते मी पाहिलं. पाहिलं आणि काही म्हटलं नाही. अंगभर भीती घेऊन जगलेली मी, नेमकी त्या दिवशी भ्यायची विसरले.

संक्रांतीच्या सुट्टीत पुन्हा आले तेव्हा मिल जोरात होती. दुपारची वेळ. हातात वही घेऊन मी डबीशेजारी उभी होते, प्रोजेक्टच्या अहवालात "प्रत्यक्ष वापर" असं एक पान लिहायचं होतं. भीतीबीती कुठल्या कुठं पळाली होती. मिल चालू असताना पहिल्यांदाच मी शेडच्या आत, हौदाच्या काठाला उभी होते.

स्क्रू तुंबला. अप्पांनी बटण दाबलं. एकदा. मी बघत होते, एकदाच. टक् झालं, स्क्रू मंदावला आणि थांबला. अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल हाताला गुंडाळला, कारण भुश्यानं खाज सुटते. खांबावरची तुराट्यांची जुडी त्यांच्या हाताच्या अंतरावर होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते वाकले आणि सरळ हात घातला. तेव्हा मला काय वाटलं ते सांगायला हवं, कारण तीस वर्षं तेच माझ्या उरावर आहे. मला बरं वाटलं. माझ्या मशीनला काडी लागत नाही, याचा मला अभिमान वाटला.

टक्.

कुणी काही दाबलं नव्हतं. बटणाजवळ कुणाचा हात नव्हता. टक् झालं, पलीकडे धप्प झालं आणि स्क्रू फिरला. अप्पांचा टॉवेल आत ओढला गेला आणि टॉवेलाबरोबर हात. ते ओरडले नाहीत. "आगं" एवढंच म्हणाले, चहा सांडल्यावर म्हणतात तसं.

माझ्यासमोर एकच बटण होतं, आणि त्याच्यावर माझा विश्वास उरला नव्हता. दाबलं आणि दोनदा मोजलं तर? थांबून पुन्हा सुरू झालं तर? हे सगळं मनात यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात स्क्रूनं आणखी अर्धा वेढा घेतला असेल. मी दोन्ही अंगठे बटणावर रोवले. टक्. थांबलं. आता सोडलं तर काय होईल ते मला माहीत नव्हतं. माझंच मशीन, माझाच प्रोग्रॅम, ओळ न् ओळ मला पाठ, आणि मला माहीत नव्हतं. म्हणून मी सोडलं नाही. अंगठ्यांवर सगळा भार देऊन उभी राहिले आणि किंचाळले, "मालक, मेन! मेन बंद करा!"

मालक शेडच्या दुसऱ्या टोकाला पळाले. किती वेळ लागला असेल? अर्धा मिनिट. मी त्या अर्ध्या मिनिटात अजूनही कधीकधी उभी असते. समोर अप्पा वाकलेले, पांढऱ्या भुवया माझ्याकडे, आणि माझ्या अंगठ्यांखाली ते तेलकट बटण वर यायला बघतंय. त्याची स्प्रिंग मला जाणवत होती. मग मेनचा दांडा खाड्कन पडला. तरी मी सोडलं नाही. माणसांनी स्क्रूचा पट्टा हातानं उलटा फिरवून अप्पांचा हात बाहेर काढला, तरीही माझे अंगठे तिथंच. शेवटी अव्वांनी येऊन एकेक करून सोडवले.

मालक धापा टाकत परत आले. "काय झालं रे धोंडिबा? कसं सुरू झालं?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. टॉवेल लाल झालेला, चेहऱ्यावर भुसा. म्हणाले, "माजंच चुकलं, मालक. गडबडीत दोनदा दाबलं मी."

मी तोंड उघडलं. परीक्षा होती, सर होते, कॉलेजची चिप होती, आणि सगळ्यांत वर माझी ती जुनी भीती होती. मी तोंड मिटलं.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही वाचली, पण आकड्यासारखी वाकडी राहिली. मालकांनी डबी काढून टाकली. "मशीनचा काय दोष? माणसाचं वय झालं," असं म्हणाले आणि अप्पांना स्क्रूवरून उठवून चाळणीवर बसवलं, निवडणाऱ्या बायकांच्या रांगेत. पन्नाशीही गाठली नव्हती त्यांनी. मशीनवर वीस वर्षं काढलेला माणूस सूप घेऊन बसला. हसणारे आता वेगळ्याच गोष्टीला हसत होते. धोंडिबाला एक आणि दोन कळत नाही म्हणत होते.

डबी घेऊन मी गुलबर्ग्याला परतले आणि बटण खोलून बघितलं. आत लाल लगदा होता, कुंकू, तेल आणि तुरीचं पीठ. किटला जोडलं. दाबलं, आकडा एक. बोट उचललं. बटण खालीच चिकटून राहिलं. मी बघत बसले. आठ-दहा सेकंदांनी ते आपोआप, कुरकुरत, सावकाश वर आलं, आणि आकडा झाला दोन.

इतकं साधं होतं. दाबताना पट्ट्या थडथडतात तशा त्या सोडतानाही थडथडतात. दाबताना काय होतं ते मी बघितलं होतं, सोडताना काय होतं ते बघितलंच नव्हतं. कॉलेजातलं बटण कोरं, सोडलं की पट्कन वर येणारं. त्याची सोडतानाची थडथड दहा मिलीसेकंदांच्या आत संपायची, म्हणून कधी दिसली नाही. मिलमधलं बटण चिकटून हळूहळू वर आलं, खालची जमीन हलत होती, पट्ट्या जास्त वेळ घासत राहिल्या, आणि माझ्या चिपला वाटलं कुणीतरी नव्यानं दाबलं. तिनं माझंच ऐकलं होतं. तिची काही चूक नव्हती.

मी प्रोग्रॅम बदलला. बटण सुटल्यावरही थांब, पुन्हा बघ, पन्नास मिलीसेकंद सलग गप्प राहिलं तरच सुटलं समज. आणि बंद करायला वेगळं लाल बटण लावलं, चिपला न विचारता थेट मोटारीची वाट तोडणारं. हुशारी नको, सुरक्षा असू दे. मार्चात परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वही चाळली, त्या ओळींवर बोट ठेवलं.

"सोडतानाची काळजी सहसा कुणी घेत नाही. हे कसं सुचलं?"

"प्रयोग करताना दिसलं, सर," मी म्हणाले.

"छान," ते म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

मला पहिला वर्ग मिळाला. अप्पांनी चाळणीवरच्या बायकांना पेढे वाटले, वाकड्या बोटांनी.

पुढं मी त्याच विषयाची शिक्षिका झाले. आहे की नाही नवल? पंचवीसेक वर्षं मुलांना बटणं शिकवली. "दाबताना बघता तसं सोडताना बघा," असं इतक्यांदा म्हटलं की मुलं माझी नक्कल करायची. का, ते कुणाला सांगितलं नाही. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो, माझं तर पाणीसुद्धा फुंकून. लिफ्टचं बटण दाबलं की मी मागं सरकते. मिक्सर बंद केला की प्लग काढते आणि प्लग हातात धरूनच भांडं उघडते. लोकांना वाटतं बाई विक्षिप्त आहे. भीती मला सोडून गेली नाही याचं मला वाईट वाटत नाही. एकदाच ती काही दिवसांसाठी गेली होती, त्याचं वाटतं.

अप्पांना कधी विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही. एका घरात दोघं, तूर दर वर्षी येते, शिजते, आणि मधे ते बटण.

या वर्षी आळंदहून तूर आणली. दुपारी ओसरीवर परात ठेवली आणि दोघं निवडायला बसलो. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढं, नजर कमी झालीय, पण खडा बोटाला कळतो. वाकडी दोन बोटं परातीबाहेर ठेवून ते उरलेल्या तीन बोटांनी निवडत होते. माझे अंगठे ठणकत होते. काय झालं कोण जाणे, मी म्हणून गेले, "अप्पा, त्या दिवशी तुमी एकदाच दाबलं होतं."

ते निवडत राहिले. "मग? मला ठाव न्हाई व्हय? दाबणारं बोट माजंच होतं की."

"मशीनची चूक होती. म्हंजे माजी. तुमाला स्क्रूवरून उठवलं, लोक हसले, आन् मी गप बसले."

"तुजी परीक्षा होती," ते म्हणाले. जणू तेवढ्यानं सगळं मिटत होतं.

मग मी ते विचारलं, जे विचारायची मला इतकी वर्षं छाती झाली नव्हती. "अप्पा, वीस वर्षं काडी घातल्याबिगर हात घातला न्हाई तुमी. त्या दिवशी कामून घातली न्हाई?"

त्यांनी हात थांबवला आणि माझ्याकडे बघितलं, एवढं शिकूनही हिला हे कळेना कसं, अशा नजरेनं.

"तुजं मशीन होतं न्हवं," ते म्हणाले, "म्हणून."